पाव, पाऊण आणि त्रिकोणाची वाटणी

गावठाणातील एका त्रिकोणी जागेची दोघा भावंडांत समान वाटणी करावयाची आहे, असे समजू. जागेची एक बाजू रस्त्यालगत असून तिचे निमुळते टोक मागील ओढ्याकडे आहे. कोणी जाणता माणूस सल्ला देतो, की रस्त्यापासून टोकापर्यंतचे अंतर मोजावे, त्याच्या बरोबर मध्यावर रस्त्याला समांतर दोरी धरावी आणि पुढचा भाग एकास व मागचा भाग दुसऱ्यास द्यावा. ऐकणाऱ्यांस हा सल्ला न्याय्य वाटतो. परंतु अशा वाटणीने एकाच्या पदरात पाऊण जागा पडते व दुसऱ्याच्या वाट्यास अवघी पाव जागा येते. एकाच्या तिप्पट दुसऱ्यास, असा हा निवाडा होतो.

या व्यवहारात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. सल्ला देणारा, तो मानणारा आणि पंच म्हणून उभे राहिलेले ग्रामस्थ या सर्वांनी अपूर्णांक, शाब्दिक उदाहरणे व त्रिकोणाचे क्षेत्रफळ हे तिन्ही भाग शाळेत शिकलेले असतात. परंतु ते परीक्षेपुरते शिकलेले असल्याने जमिनीवर दोरी धरण्याची वेळ आली, की त्यांचे स्मरण होत नाही. शालेय गणित व्यवहारात उपयोगी पडावे असे वाटत असेल, तर मुले कोठे अडतात व का अडतात, याचा विचार शिक्षकांनी आणि शाळेचा कारभार पाहणाऱ्या सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

घरात असलेले अपूर्णांक

अपूर्णांक हा कठीण भाग आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी दिवसातून कितीतरी वेळा अपूर्णांक येत असतात. पाव किलो साखर, अर्धा लिटर दूध, पाऊण तास, सव्वा रुपया, दीड एकर, पावणेदोन मीटर कापड, अडीच भाकरी, साडेतीन मुहूर्त; हे सारे अपूर्णांकच होत. पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेतले जात. रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे चार पावशेर असा हिशेब असलेल्या काळात या पाढ्यांवाचून बाजारहाट चालणे कठीण होते.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली व रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्यानंतर वजने आणि मापेही टप्प्याटप्प्याने दशमान झाली. हिशेब सुटसुटीत झाले, पण त्याबरोबर पावकी आणि पाऊणकी मागे पडल्या. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाले. त्यामुळे आजच्या मुलाने ‘चार आणे’ हा शब्द ऐकला असला, तरी रुपयाचा चौथा भाग त्याने कधी हातात धरलेला नाही. घरात पाव, अर्धा, पाऊण हे शब्द मात्र अजून आहेत. शिक्षकाने १/४, १/२, ३/४ ही चिन्हे फळ्यावर लिहिण्यापूर्वी या शब्दांपासून आरंभ केला, तर मुलास आपण काही परके शिकत आहोत असे वाटत नाही.

छेद म्हणजे भागाचे नाव

अपूर्णांकांच्या बेरजेत एक चूक वारंवार आढळते. १/२ आणि १/३ यांची बेरीज करावयास सांगितली, की अनेक मुले अंशात अंश व छेदात छेद मिळवून २/५ असे उत्तर लिहितात. शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात, मुलाकडून ‘छेद समान करा’ हा नियम पाठ करून घेतात व पुढील उदाहरणाकडे वळतात. नियम काही दिवस टिकतो, नंतर चूक पुन्हा होते. त्याचे कारण असे, की उत्तर का चुकले हे मुलास कळलेलेच नसते.

येथे नियमाआधी एक साधा प्रश्न विचारावा. अर्ध्या भाकरीत आणखी काही भाकरी घातली, तर एकूण भाकरी अर्ध्यापेक्षा जास्त होईल की कमी? जास्त होईल, असे पहिलीतील मूलही सांगेल. आता २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहेत, कारण पाच भागांचे निम्मे म्हणजे अडीच भाग होत. तेव्हा घातल्यावर भाकरी कमी कशी झाली, हा प्रश्न मुलासमोर उभा राहतो आणि चूक त्याची त्यालाच दिसते.

त्यानंतर छेदाचा अर्थ सांगावा. छेद ही मिळवावयाची संख्या नसून ते भागाचे नाव आहे. अर्धा रुपया आणि पाव रुपया मिळून किती, असे विचारल्यास कोणीही ‘दोन-षष्ठांश रुपया’ म्हणत नाही. पन्नास पैसे व पंचवीस पैसे मिळून पंचाहत्तर पैसे, म्हणजेच पाऊण रुपया, असे तो सांगतो. दोन्ही रकमा त्याने आधी एकाच नावाच्या तुकड्यांत आणल्या आणि मग मिळविल्या. छेद समान करणे म्हणजे एवढेच.

यासाठी १२ सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी पुरेशी आहे. पट्टीचा अर्धा भाग ६ सेंटिमीटर व तिसरा भाग ४ सेंटिमीटर. दोन्ही मिळून १० सेंटिमीटर, म्हणजे १०/१२ किंवा ५/६ पट्टी. १२ ही लांबी का निवडली, असे मुलांना विचारल्यास २ आणि ३ या दोहोंनी भाग जाणारी संख्या हवी होती, हे उत्तर त्यांच्याकडूनच येते. लघुतम साधारण विभाज्य हा जड शब्द त्यानंतर सांगितला तरी चालतो.

अपूर्णांकाने भागताना ‘उलटा करून गुणा’ असे सांगितले जाते. त्याचेही कारण सांगता येते. ३ लिटर दूध पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरावयाचे आहे. एका लिटरचे चार पाव, म्हणून तीन लिटरचे बारा पाव. एका बाटलीस तीन पाव लागतात, म्हणून बाटल्या चार. येथे आधी ४ ने गुणिले व नंतर ३ ने भागिले. ३/४ उलटा करून ४/३ ने गुणणे ते हेच. कारण ठाऊक असलेला नियम विसरला, तरी तो पुन्हा शोधून काढता येतो.

शाब्दिक उदाहरणे : शब्दांमागील अर्थ

बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार बिनचूक करणारी मुलेही शाब्दिक उदाहरणांत अडखळतात. याचे एक प्रमुख कारण म्हणजे खुणेच्या शब्दांवर विसंबण्याची सवय. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसले की भागाकार, असे मुलांस सुचविले जाते. सोप्या उदाहरणांत ही युक्ती साधते. उदाहरण जरा वळणाचे आले, की तीच युक्ती मुलास आडवाटेला नेते.

गावच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकी २/५ भरलेली आहे. तीत आणखी १४,००० लिटर पाणी सोडल्यावर ती ३/४ भरते. तर टाकीत एकूण किती पाणी मावते? येथे ‘आणखी’ आणि ‘एकूण’ असे दोन शब्द पाहून अनेक मुले २/५ व ३/४ यांची बेरीज करतात. ती २३/२० येते. टाकी स्वतःहून मोठी झाली, याकडे त्यांचे लक्ष जात नाही. उभी टाकी काढून आधीची पातळी व नंतरची पातळी अशा दोन रेघा मारल्या, तर १४,००० लिटर हे त्या दोन रेघांमधील पाणी आहे हे दिसते. २० समान भाग मानल्यास पहिली पातळी ८ भागांवर व दुसरी १५ भागांवर. मधले ७ भाग म्हणजे १४,००० लिटर, म्हणून एक भाग २,००० लिटर व पूर्ण टाकी ४०,००० लिटर. पडताळा असा : ४०,००० चे २/५ म्हणजे १६,०००. त्यात १४,००० मिळविले की ३०,००० होतात आणि ते ४०,००० चे ३/४ आहेत.

‘उरलेल्याचा’ हा शब्दही असाच फसवा आहे. एका निधीतील १/३ रक्कम शाळेच्या दुरुस्तीवर आणि उरलेल्या रकमेच्या १/४ रक्कम पाण्याच्या नळांवर खर्च झाली. ६०,००० रुपये शिल्लक राहिले. मूळ निधी किती? घाईने वाचणारा १/३ व १/४ मिळवून ७/१२ खर्च झाला असे धरतो. मग ५/१२ म्हणजे ६०,००० या हिशेबाने १,४४,००० रुपये असे उत्तर काढतो. त्याची आकडेमोड अचूक असते, पण अर्थ चुकलेला असतो. पडताळा घेतल्यास हे लगेच उघडकीस येते. १,४४,००० चा तिसरा भाग ४८,०००, उरले ९६,०००. त्याचा चौथा भाग २४,०००, उरले ७२,०००. उदाहरणात तर ६०,००० सांगितले आहेत.

बरोबर रीत अशी. १/३ खर्च झाल्यावर २/३ उरतात. त्यांचा १/४ खर्च झाला, म्हणजे त्यांचे ३/४ उरले. २/३ चे ३/४ म्हणजे १/२. निधीचा अर्धा भाग ६०,००० आहे, म्हणून मूळ निधी १,२०,००० रुपये. पडताळा : ४०,००० गेले, ८०,००० उरले. त्यांतील २०,००० गेले, ६०,००० उरले. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वाचताना ‘एकूण रकमेच्या’ आणि ‘शिल्लक रकमेच्या’ या शब्दांतील भेद ज्या सदस्यास कळतो, तो सभेत योग्य प्रश्न विचारू शकतो.

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रश्न सोडविण्याचे चार टप्पे सांगितले. प्रश्न समजून घेणे, मार्ग ठरविणे, त्या मार्गाने जाणे आणि शेवटी मागे वळून पाहणे. आपल्या वर्गांतून तिसऱ्या टप्प्यावर सर्वाधिक वेळ जातो व पहिल्या आणि चौथ्या टप्प्यांवर अत्यल्प. उदाहरण स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगणे, काय दिले व काय काढावयाचे हे वेगळे लिहिणे, आकृती काढणे आणि उत्तर मूळ प्रश्नात घालून पाहणे, या चार गोष्टींचा परिपाठ ठेवल्यास उदाहरणांची संख्या कमी झाली तरी हानी होणार नाही.

आठशे वर्षांहून जुना वारसा

शाब्दिक उदाहरणांची परंपरा या देशात प्राचीन आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचा अंकगणित व मापन यांसंबंधीचा भाग. चाळीसगावनजीक पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची माहिती त्यावरून मिळते. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

‘लीलावती’तील उदाहरणे फुले, भुंगे, मोर, हंस अशा विषयांवर बेतलेली आहेत. त्यातील भुंग्यांचे एक उदाहरण सुप्रसिद्ध आहे. थव्याचा पाचवा भाग एका झाडाच्या फुलांवर गेला, तिसरा भाग दुसऱ्या फुलांवर गेला, या दोहोंतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडाकडे गेले आणि एक भुंगा घोटाळत राहिला. १/५ व १/३ यांतील फरक २/१५, त्याची तिप्पट ६/१५. ३/१५, ५/१५ व ६/१५ मिळून १४/१५ होतात. उरलेला १/१५ म्हणजे एक भुंगा, म्हणून थवा १५ भुंग्यांचा. अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी आणि ‘उरलेला भाग’ या साऱ्या गोष्टी एका उदाहरणात आल्या असून मूल ते आनंदाने सोडविते.

याच ग्रंथात वाऱ्याने मोडलेल्या बांबूचे उदाहरण आहे. ३२ हात उंचीचा बांबू मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीस टेकला. तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. उभा भाग १२, तिरपा भाग २० व जमिनीवरील अंतर १६, असा काटकोन त्रिकोण तयार होतो. १२ आणि १६ यांच्या वर्गांची बेरीज १४४ अधिक २५६, म्हणजे ४००. हा २० चा वर्ग होय. या त्रिकोणाच्या बाजू ४ ने भागल्यास ३, ४ व ५ येतात. घराचा पाया आखताना ३ फूट, ४ फूट व ५ फूट मोजून काटकोन साधणारा गवंडी हाच नियम वापरीत असतो. बारा समान भागांच्या दोरीला ३ आणि ४ भागांवर खूण करून हा काटकोन शाळेच्या मैदानावर मुलांना स्वतः पाडता येईल.

त्रिकोणाची उंची आणि वाटणीचा न्याय

त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची यांचे निम्मे, हे सूत्र सर्वांस पाठ असते. यात दोन ठिकाणी घोटाळा होतो. निम्मे का, हे माहीत नसते. आणि उंची म्हणून तिरपी बाजू घेतली जाते. पहिल्यासाठी जाड कागदाचे दोन अगदी सारखे त्रिकोण कापून एकमेकांस जोडावेत. त्यांचा समांतरभुज चौकोन होतो व त्याचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंची इतके असते. एक त्रिकोण त्याच्या निम्मा. दुसऱ्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे, की उंची म्हणजे टोकापासून पायावर सरळ टाकलेला लंब. कडेचे कुंपण मोजून ती मिळत नाही.

आता आरंभीच्या जागेकडे वळू. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागेस गुंठा म्हणतात आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. रस्त्यालगतची बाजू १३२ फूट, म्हणजे ३३ फुटांची चार अंतरे. आणि टोकाचे रस्त्यापासूनचे लंबांतर ९९ फूट, म्हणजे तशी तीन अंतरे आहेत असे धरू. क्षेत्रफळ ४ गुणिले ३ चे निम्मे, म्हणजे ६ गुंठे. प्रत्येक भावंडास ३ गुंठे मिळावयास हवेत.

सल्ल्याप्रमाणे मध्यावर समांतर दोरी धरली, तर तेथे जागेची रुंदीही निम्मी, म्हणजे दोन अंतरे झालेली असते. मागच्या त्रिकोणाचा पाया २ व उंची दीड, म्हणून क्षेत्रफळ दीड गुंठा. पुढच्या भागास साडेचार गुंठे राहतात. उंची निम्मी झाली आणि रुंदीही निम्मी झाली, म्हणून क्षेत्रफळ निम्म्याचे निम्मे, म्हणजे पाव झाले. शिवाय मागच्यास रस्ता नाही तो नाहीच.

न्याय्य वाटणी याहून सोपी आहे. रस्त्यालगतच्या बाजूचा मध्य काढून तेथून टोकापर्यंत दोरी धरावी. दोन्ही भागांचा पाया २ व उंची ३, म्हणून प्रत्येकी ३ गुंठे आणि दोघांनाही ६६ फूट रस्ता. वाटेकरी चार असतील, तर रस्त्याच्या बाजूचे चार समान भाग करून प्रत्येक खुणेपासून टोकापर्यंत दोरी धरावी. उंची सर्वांची एकच असल्याने प्रत्येकास दीड गुंठा मिळेल. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत हिंदू वारसा अधिनियम, १९५६ नुसार या चौघांस समान वाटा मिळतो. आईचा आणि मुलीचा चतुर्थांश कागदावर जेवढा, तेवढाच जमिनीवरही उतरला पाहिजे. तो उतरला की नाही, हे पाहण्यासाठी पाचवी ते आठवीचे गणित पुरेसे आहे.

टोकाकडे निमुळते होणारे पट्टे कोणास गैरसोयीचे वाटतील. समांतर रेघच हवी असेल, तर ती रस्त्यापासून सुमारे २९ फुटांवर, म्हणजे टोकापासून सुमारे ७० फुटांवर घ्यावी लागेल. ९९ ला २ च्या वर्गमुळाने भागल्यास ७० ही संख्या येते. माध्यमिक वर्गांतील समरूप त्रिकोणांचा धडा शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडेल. अर्थात प्रत्यक्ष मोजणी आणि हद्दी कायम करण्याचे काम भूमी अभिलेख विभागाचे आहे. परंतु मोजणीचा नकाशा हाती आल्यावर तो समजून घेण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

शाळा, समिती आणि गाव

५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरीअखेर प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे व मूलभूत अंकगणित यावे, हा त्याचा उद्देश आहे. या दोन्ही गोष्टी शाब्दिक उदाहरणात एकत्र येतात. ज्यास वाक्याचा अर्थ लागत नाही त्यास उदाहरण सुटत नाही. म्हणून गणिताच्या शिक्षकाने वाचनाकडे आणि भाषेच्या शिक्षकाने उदाहरणांकडे लक्ष दिले, तर ते वावगे ठरणार नाही.

शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे आवश्यक आहे. समिती १२ जणांची असल्यास पालक किती, महिला किती, आणि किमान किती महिला पालक असल्याच पाहिजेत, हा प्रश्न सहावीच्या वर्गास घालावा. पालक ९, बिगरपालक ३; महिला ६. बिगरपालक तिघीही महिला असल्या तरी उरलेल्या ३ महिला पालक असल्याच पाहिजेत. समितीच्या बैठकीतही हा प्रश्न घालण्यास हरकत नाही.

समितीच्या सदस्यांनी वर्गास भेट द्यावी तेव्हा पाढे म्हणून घेण्याबरोबर मुलास एखादे उत्तर ‘कशावरून?’ असे विचारावे. मैदानाचा एक कोपरा मोजून द्यावा, टाकीची पातळी पाहावयास सांगावी, दुकानाची पावती वाचावयास द्यावी. यासाठी अनुदान लागत नाही. दोरी, कागदाची पट्टी व थोडा वेळ एवढे पुरते. चुकलेल्या मुलास गप्प न बसविता त्याने तसे का केले हे ऐकून घेतले, तर चुकीचे मूळ सापडते. अर्ध्यात मिळविल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी आले, हे ज्याच्या स्वतःच्या ध्यानात आले, ते मूल पुढे कधी तरी वाटणीच्या वेळी दोरी धरणाऱ्यास थांबवील आणि म्हणेल, की आधी मोजून पाहू.